रात्रीची वाट आणि मोटारसायकलचा जादा दिवा

शिवसमुद्रम येथे कावेरीच्या धबधब्यापासून निर्माण होणारी वीज १९०२ साली प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली. तीन वर्षांनी, म्हणजे १९०५ च्या ऑगस्ट महिन्यात, तीच वीज बंगळूरच्या रस्त्यांवरील दिव्यांत आली. आशिया खंडात रस्त्यावर विजेचे दिवे प्रथम लागले ते आमच्याच शहरात, असे बंगळूरकर आजही अभिमानाने सांगतात. त्या गोष्टीला शतकाहून अधिक काळ लोटला. २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बंगळुरू झाले. तेथे नोंदलेल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या पलीकडे गेली आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश वाहने दुचाकी आहेत. परंतु रस्त्यावरचा दिवा शहराची सोबत करतो ती शहराच्या वेशीपर्यंतच. तुमकूरच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाच्या पाठीमागे दिव्यांचा शेवटचा खांब राहिला, की पुढे ज्याने त्याने आपला उजेड आपल्याबरोबरच न्यावयाचा असतो.

ही वाट मराठी कुटुंबांच्या विशेष परिचयाची आहे. सतराव्या शतकात शहाजीराजांचे वास्तव्य बंगळुरास झाले, तेव्हापासून मराठी माणसाचा ह्या शहराशी संबंध जडलेला आहे. आज नोकरीच्या व शिक्षणाच्या निमित्ताने बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे येथील हजारो मुलेमुली तेथे राहतात. पूर्वी ४ क्रमांकाचा व आता ४८ क्रमांकाचा असलेला राष्ट्रीय महामार्ग त्यांना तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, धारवाड असे करीत घरी आणतो. बेळगाव सुमारे ५०० किलोमीटर, कोल्हापूर ६०० च्या पलीकडे. गणेशचतुर्थी किंवा दिवाळी आली, की शुक्रवारी संध्याकाळी कचेरी सुटताच मोटारसायकलला किक मारणारे तरुण थोडे नाहीत. वास्तविक एवढा प्रवास दुचाकीवरून रात्री न करणेच शहाणपणाचे. परंतु तो केला जातो, ही वस्तुस्थिती आहे. चांगल्या महामार्गावरही अंधारात कडेला बिघडून उभा असलेला ट्रक असतो, त्याच्या मागे मांडलेले दगड असतात, मध्येच आलेले जनावर असते. बेळगाव-कोल्हापूरच्या टापूत गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे उसाने लादलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व बैलगाड्या रात्रभर कारखान्याकडे चाललेल्या असतात आणि त्यांच्यापैकी कित्येकांना मागे तांबडा दिवा सोडाच, चकाकणारी पट्टीदेखील नसते.

म्हणूनच मोटारसायकलला मूळ दिव्याखेरीज आणखी दोन दिवे बसवून घेण्याची प्रथा वाढली आहे. बंगळूरच्या टाउन हॉलपासून निघणारा जयचामराजेंद्र मार्ग, ज्याला सारे शहर 'जे. सी. रोड' म्हणून ओळखते, तो मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारात ह्या दिव्यांच्या जोड्या नाना आकारांत मांडलेल्या दिसतात. मुलगा घरी फोन करून सांगतो, "आई, काळजी करू नकोस, मी नवे दिवे बसवले आहेत." आईचा जीव भांड्यात पडतो. तो तसा पडावा असे ते दिवे खरोखर आहेत काय, हे कशावर अवलंबून असते, त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

किती दूरचे दिसले पाहिजे?

प्रथम थोडे गणित पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल दर सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर तोडते. समोर अडथळा दिसला, तो मेंदूला उमगला आणि हातापायांनी ब्रेक दाबला, ह्यात सामान्य माणसाचा सुमारे दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक लागले, तरी ती थांबेपर्यंत आणखी २८ मीटर जातात. म्हणजे एकूण ५३ मीटर झाले. हाच वेग ताशी ८० किलोमीटर केला, तर हिशेब ८३ मीटरांवर जातो. वेग एकतृतीयांशाने वाढला, पण थांबण्याचे अंतर दीडपटीहून अधिक झाले.

आता मोटारसायकलच्या नेहमीच्या दिव्याकडे पाहा. त्याला दोन झोत असतात : दूरवर जाणारा लांब झोत, ज्याला वाहनचालक 'अप्पर' म्हणतात, आणि खाली झुकलेला आखूड झोत, म्हणजे 'डिपर'. आपल्याकडील अनेक साध्या मोटारसायकलींना वर्षानुवर्षे ३५ वॅटचा बल्ब येत असे. त्याच्या आखूड झोतात काळे कपडे घातलेला पादचारी ४०-५० मीटरांपलीकडे ओळखू येणे कठीण. तेव्हा ताशी ६० किलोमीटर वेगालाच ह्या दिव्याची मर्यादा संपते. जादा दिव्याची गरज कोठून उत्पन्न होते, ते यावरून ध्यानात येईल.

कार्बाइडपासून एलईडीपर्यंत

अगदी आरंभीच्या मोटारसायकलींवर कार्बाइडचा दिवा असे. कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडून जो ॲसिटिलीन वायू निघे, त्याची ती ज्योत होती. पुढे विजेचा दिवा आला. १९२० च्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन तारा घालण्याची युक्ती निघाली आणि चालकाला बसल्या जागी झोत वर-खाली करता येऊ लागला. 'डिपर' ही केवळ सोय नव्हती. समोरून येणाऱ्या माणसालाही डोळे आहेत, ह्याची ती यंत्राने दिलेली कबुली होती.

म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागलेली जावा आणि तिचाच पुढचा अवतार असलेली येझ्दी अनेक वाचकांना आठवत असेल. हा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्या जुन्या जावाची विद्युत्-व्यवस्था सहा व्होल्टची होती. इंजिन मंद झाले, की दिवाही मिणमिणू लागे. नंतर बारा व्होल्टची व्यवस्था सर्वत्र रूढ झाली, हॅलोजन बल्ब आले आणि अखेरीस एलईडी आले. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा ह्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निळ्या प्रकाशावर पिवळ्या प्रकाशाची भर घालूनच पांढरा एलईडी दिवा बनतो. थोड्या विजेत पुष्कळ उजेड देणारा हा दिवा दुचाकीच्या लहानशा बॅटरीला वरदानच ठरला. पण स्वस्त व प्रखर झाल्यामुळे तो अविचाराने वापरणेही तितकेच सोपे झाले.

दिवा कोणता व कोठे?

जादा दिवे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला रुंद झोताचा, ज्यास आपण 'फॉग लॅम्प' म्हणतो. त्याचा उजेड रस्त्याच्या दोन्ही कडांपर्यंत पसरतो, पण वर चढत नाही. दुसरा लांब व निमुळत्या झोताचा असून तो मोकळ्या रस्त्यावर 'अप्पर'ला साहाय्य करतो. हे दोन्ही प्रकार एकच समजून बसविणे, हा नेहमी आढळणारा दोष आहे.

हिवाळ्यातील पहाटे बंगळूरहून नंदीदुर्गाकडे जाणाऱ्यांना धुक्याचा अनुभव असतोच. धुक्यात झोत जितका उंचावरून व जितका दूर टाकावा, तितका तो पाण्याच्या सूक्ष्म कणांवरून उलट आपल्याच डोळ्यांवर परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तेथे कामाला येतो तो खाली बसविलेला, रुंद व चपटा झोत. वळणावरही त्याचा उपयोग आहे. मोटारसायकल वळताना कलते, तिच्याबरोबर मुख्य दिव्याचा झोतही कलतो, आणि वळणाची आतील बाजू, म्हणजे नेमकी आपण जेथे जाणार ती जागा, अंधारात राहते. रुंद झोत ती उणीव बरीचशी भरून काढतो.

ह्यासाठी इंजिनापुढील लेग गार्डची नळी ही साधारणपणे सोयीची जागा होय. ती खाली असते व भक्कमही असते. मात्र दिवे नळीच्या बाहेर डोकावता कामा नयेत. गाडी पडली तर प्रथम तेच फुटतील. इंजिनाच्या पंखांवर किंवा रेडिएटरवर येणारा वारा त्यांनी अडवू नये. हँडलवर दिवे बसविल्यास ते उंच जातात व समोरच्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. ब्रॅकेट जाड पत्र्याचे असावे व नट आपोआप सैल न होणारे असावेत, कारण मोटारसायकलची थरथर शंभर किलोमीटरांत साधा नट ढिला करते. दिव्यावर 'आयपी ६७' अशी खूण असेल तर तो धुळीपासून पूर्ण सुरक्षित असून एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, असा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडील पावसाळ्यास हे आवश्यकच समजावे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आपण डाव्या बाजूने वाहने चालवितो. म्हणून आपल्याकडील आखूड झोत डावीकडे किंचित उंच व उजवीकडे खाली असतो. ज्या देशांत उजव्या बाजूने वाहतूक चालते तेथील दिवे नेमके उलटे असतात. असा परदेशी दिवा घरबसल्या मागवून बसविला, तर कितीही मौल्यवान असला तरी तो समोरून येणाऱ्याच्याच डोळ्यांत जाईल. तसेच, मूळ दिव्यातील हॅलोजन बल्ब काढून त्या जागी एलईडीचा बल्ब खुपसणे हेही घातक. आतील आरसा हॅलोजनच्या तारेच्या जागेचा हिशेब धरून घडविलेला असतो. एलईडीचा प्रकाश त्याच बिंदूपासून निघाला नाही, तर तो सर्वत्र विखुरतो.

वीज कोठून आणावी?

वीज मोजण्याची रीत सोपी आहे : वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. वीस-वीस वॅटचे दोन एलईडी दिवे बारा व्होल्टवर सव्वातीन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतात. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे मात्र नऊ अँपिअरहून अधिक मागतात व लहान मोटारसायकलच्या जनित्रास ते झेपत नाहीत. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटताच राहतो. त्यामुळे जनित्राची काही शक्ती आधीच खर्ची पडलेली असते.

हा प्रवाह मूळ दिव्याच्या स्विचमधून नेऊ नये. तो स्विच व त्याच्या बारीक तारा एवढ्या भारासाठी केलेल्या नसतात. त्या तापतात, वितळतात आणि कधी पेट घेतात. येथे 'रिले'ची योजना करावी. रिलेत एक लहानसे विद्युत्-चुंबक असते. स्विचकडून आलेला किरकोळ प्रवाह त्या चुंबकाला जागे करतो, ते आतील पट्टी ओढून घेते आणि बॅटरीपासून दिव्यापर्यंतचा मोठा प्रवाह स्वतंत्र जाड तारेने सुरू होतो. नेहमीच्या रिलेवर चार आकडे कोरलेले असतात. ३० वर बॅटरीची तार, ८७ वर दिव्याची, आणि ८५ व ८६ ह्या दोहोंवर चुंबकाच्या तारा जोडावयाच्या. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. वर सांगितलेल्या एलईडी दिव्यांना पाच अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा घालणे म्हणजे पहारेकऱ्यालाच घरी पाठविणे होय. दोष तारेत आहे, तो शोधावा.

लांब झोताच्या दिव्यांचा रिले मूळ दिव्याच्या 'अप्पर'च्या तारेवरून चालवावा. म्हणजे चालकाने 'डिपर' केला, की जादा दिवेही त्याच क्षणी आपोआप विझतात. समोरच्याची आठवण अंगठ्याच्या एका हालचालीत ठेवली जाते. मात्र काही जुन्या गाड्यांत पुढील दिवा बॅटरीवर नसून थेट जनित्राच्या उलटसुलट प्रवाहावर चालतो. अशा तारेवर साधा रिले खडखडत राहतो. तेथे त्याला किल्लीच्या तारेवरून वीज देऊन वेगळा स्विच ठेवावा लागतो, व तो वेळीच बंद करण्याची जबाबदारी चालकाची राहते.

काम पूर्ण झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कोठे तार ताणली वा दबली जात नाही ना, हे पाहावे. नंतर इंजिन नेहमीच्या गतीने चालू ठेवून सर्व दिवे लावावेत आणि बॅटरीवर व्होल्टमीटर धरावा. काटा तेराच्या वर असेल तर ठीक. तो साडेबाराच्या खाली उतरत असेल, तर जनित्र हरत आहे व बॅटरी रिकामी होत आहे असे समजावे. हे दिवे काढून कमी वॅटचे घ्यावेत.

झोताचा कोन

दिवा कितीही चांगला असला, तरी त्याचा गुण शेवटी त्याच्या कोनावर ठरतो. सपाट जमिनीवर, भिंतीपासून १० मीटर अंतरावर गाडी सरळ उभी करावी आणि दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने नोंदवावी. झोताचा वरचा काठ त्या खुणेच्या १० सेंटिमीटर खाली पडला पाहिजे. म्हणजे उतार शेकडा एक झाला. दिवा ६० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर असा झोत ६० मीटरांवर जमिनीला मिळतो.

परंतु ही मोजणी गाडीवर नेहमीचे ओझे ठेवून करावयास हवी. पाठीमागे माणूस बसला, दोन बाजूंना पिशव्या लटकल्या व मागचा भाग ३ सेंटिमीटर खचला असे समजा. दोन चाकांतील अंतर सुमारे १४० सेंटिमीटर असते. म्हणजे गाडीचे तोंड शेकडा दोनहून अधिक वर उचलले गेले. खाली झुकलेला झोत आता वर चढू लागतो आणि ६० मीटरांवर तो जमिनीपासून जवळजवळ १३० सेंटिमीटर उंच पोहोचतो. मोटारीत बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात. रिकाम्या गाडीवर अगदी योग्य बसलेला दिवा सणाच्या प्रवासाला निघताच शत्रू कसा होतो, याचे हे कारण आहे.

डोळे दिपलेल्या माणसाला पूर्ववत् दिसू लागण्यास काही सेकंद लागतात आणि वय वाढते तसा हा वेळ वाढत जातो. दोनच सेकंद धरले, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाने तो ३३ मीटर आंधळेपणाने जातो. आणि तो येत असतो आपल्याच दिशेने. त्याला दिपविणे म्हणजे त्याचे वाहन आपल्या अंगावर सोडण्यासारखे आहे. यास्तव परोपकाराची भाषा बाजूला ठेवली, तरी केवळ स्वार्थासाठीदेखील झोत खाली ठेवणेच हिताचे.

कायद्याचे म्हणणे

ह्या बाबतीत कायदा मुळीच संदिग्ध नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ व्या नियमाप्रमाणे दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, त्याच्या उजव्या बाजूस अर्धा मीटर व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा कोणाही माणसाचे डोळे दिपू नयेत एवढा झोत खाली वळलेला असावा, किंवा चालकाला तो तसा वळविता आला पाहिजे. १११ व्या नियमाने वाहनाच्या पुढे स्पॉट लाइट वा सर्च लाइट लावण्यास, विशेष कारण व पूर्वपरवानगी असल्याखेरीज, मनाई केलेली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ज्या सुधारणा झाल्या, त्यांनुसार वाहनात नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफाराबद्दल ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपविणाऱ्या दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम उघडली होती. म्हणून आपल्या गाडीच्या निर्मात्याने त्याच गाडीसाठी मान्य केलेले दिवे मिळत असतील तर तेच घ्यावेत आणि शंका असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी विचारावे. शहरात, जेथे रस्त्यावर दिवे आहेत, तेथे जादा दिवे बंदच ठेवावेत.

मिळालेल्या उजेडाचा हिशेब

इतके सर्व यथास्थित झाले, तरी एक गोष्ट उरते आणि ती कोणत्याही मिस्त्रीच्या हातची नाही. समजा, चांगल्या दिव्यांमुळे पूर्वी ५३ मीटरांपर्यंत दिसत असे ते आता ८३ मीटरांपर्यंत दिसू लागले. ही ३० मीटरांची कमाई मोठी आहे. ऐनवेळी दिसलेली ट्रॉली व वेळेवर दिसलेली ट्रॉली ह्यांतील सारा फरक तेवढ्यात सामावलेला आहे. पण रस्ता अधिक स्वच्छ दिसतो म्हणून चालकाने वेग ताशी ६० वरून ८० केला, तर वरच्या गणिताप्रमाणे त्याला थांबण्यास नेमके तेच ३० मीटर अधिक लागतात. कमाई जेथल्या तेथे संपली, आणि धडक झालीच तर ती पूर्वीपेक्षा जोराची होईल. जादा दिवा जादा वेगासाठी वापरला, तर त्याने काहीच दिले नाही. पूर्वीच्याच वेगाने चालविली, तरच त्याचा उजेड पदरात पडतो.

तेव्हा घरातील मुलाने वा मुलीने मोटारसायकलला नवे दिवे बसविल्याचे सांगितले, की वडीलधाऱ्यांनी त्यांची किंमत विचारण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत : डिपर केला की ते विझतात ना? सामान लादून झोत तपासला आहे ना? आणि पूर्वीच्याच वेगाने येणार ना? तिन्हींचे उत्तर 'होय' असे मिळाले, तर त्या दिव्यांवर खर्च झालेला पैसा सत्कारणी लागला असे समजावयास हरकत नाही. आणि निघण्यास फारच उशीर झाला असेल, तर तुमकुरास किंवा चित्रदुर्गास रात्र काढून पहाटे पुढे निघावे. सूर्याएवढा चांगला जादा दिवा कोणत्याही बाजारात मिळत नाही.